पोरीची लस, आईची टेस्ट: नागपुरात सुरुवात कुठून करायची

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचायचं तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, लस आणि टेस्ट ही दोन वेगवेगळी कामं आहेत. लस हा कॅन्सर करणारा व्हायरस अंगात शिरायच्या आधी द्यायची असते म्हणून ती पोरीची, आणि टेस्ट व्हायरसने आत काही गडबड करून ठेवली का ते बघायला असते म्हणून ती आईची, काकूची, मावशीची. आमच्या बचत गटात काही जणी म्हणतात पोरीला लस दिली ना, मग झालं की, आणि बाकीच्या म्हणतात मले काही त्रासच नाही तर टेस्ट काहून करू. त्रास व्हायच्या आधीच करायची असते ती, त्रास सुरू झाला की त्याला तपासणी नाही, उपचार म्हणतात.

थोडक्यात आजार काय आहे ते सांगते. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, डॉक्टरलोक सर्व्हायकल कॅन्सर म्हणतात तो. भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये ब्रेस्टच्या खालोखाल हाच, २०२२ च्या आकड्यांप्रमाणे वर्षाला सव्वा लाखाच्या वर नवीन पेशंट आणि जवळपास ८० हजार मृत्यू. जवळजवळ सगळ्या केसेसच्या मागे एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो, त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत पण १६ आणि १८ नंबरचे दोघंच मिळून साधारण ७० टक्के केसेस करतात. हा व्हायरस शारीरिक संबंधातून येतो, बहुतेक लोकांना आयुष्यात कधीतरी येऊन जातो आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला बाहेर काढतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यात हळूहळू पेशी बिघडत जातात आणि कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा वेळ देणारा कॅन्सर दुसरा कोणता आहे सांगा, आणि तरी आपल्याकडे बाया शेवटच्या स्टेजला येतात याचा मला खरंच राग येतो.

पहिलं काम: घरातल्या बायकांची वयं लिहा

वहीच्या पानावर लिहा, सासू, नणंद, जाऊ, पोरी, घरी कामाला येणारी ताई सगळ्या. ९ ते १४ वयाच्या पोरी म्हणजे लसीसाठी सगळ्यात चांगलं वय. १५ ते २६ मध्ये पण लस घेता येते, फक्त डोस वाढतो. २७ ते ४५ मध्ये एखादी लस घेता येते पण फायदा कमी कारण तोवर व्हायरसशी गाठ पडून गेलेली असू शकते, तिथं डॉक्टरशी बोला आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझं मत विचाराल तर आधी टेस्ट. ३० ते ६५ वाल्या सगळ्या टेस्टच्या यादीत, लग्नाला कितीही वर्षं झाली असोत, मुलं किती का असेनात, पाळी बंद झालेली असली तरी. ६५ च्या पुढच्यांनी आधी टेस्ट केल्या असतील आणि त्या नॉर्मल असतील तर थांबलं चालतं, पण आयुष्यात एकदाही केली नसेल तर एकदा करून घ्याच.

ज्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालंय त्यांनी जुनं डिस्चार्ज कार्ड शोधायचं. पिशवीसोबत तोंडही काढलं होतं का हे त्यात लिहिलेलं असतं, काही ऑपरेशनमध्ये तोंड तसंच ठेवतात आणि मग टेस्ट लागतेच. आणि तोंड काढलेलं असलं तरी ऑपरेशनच्या आधी पेशींचा बिघाड निघाला होता अशांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय आपलं नाव खोडू नये. कार्डच सापडत नसेल तर तपासताना डॉक्टर बघून सांगतात.

एचआयव्हीची औषधं चालू असतील तर टेस्ट २५ पासून आणि जास्त लवकर लवकर करावी लागते, आणि लसीचे डोसही जास्त लागतात, हे एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, विचारायला लाजू नका, त्यांना रोजचं आहे ते.

लस: कोणती, किती, कधी

सगळ्यात आधी फुकट मिळतेय का ते बघा. एरियातल्या आशाताईला किंवा मनपाच्या आरोग्य केंद्रात आणि पोरीच्या शाळेत विचारा की कोणत्या वयाच्या मुलींना सरकारी लस चालू आहे. पोरगी त्यात बसत असेल तर खिशातून पैसे घालायची गरज नाही.

बाहेरून घ्यायची असेल तर दुकानात दोन-तीन नावं ऐकू येतील. सर्व्हाव्हॅक ही आपल्या पुण्याच्या सीरमची, २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये बाजारात आली, एका डोसची किंमत २,००० च्या आसपास. ती ६, ११, १६ आणि १८ अशा चार प्रकारांवर आहे. गार्डासिल चारवाली पण त्याच चार प्रकारांवर, महाग थोडी. आणि गार्डासिल ९ मध्ये अजून पाच प्रकार, पण एक डोस दहा हजारांच्या आसपास जातो. लोक मला विचारून राहिले की मग महागवाली चांगली का. जास्त प्रकार कव्हर होतात हे खरं, पण मुख्य गुन्हेगार १६ आणि १८ तिन्हीत आहेत, म्हणून दहा हजार जमायची वाट बघत पोरगी अठराची होऊ देण्यापेक्षा परवडेल ती लस आज द्या.

डोस असे. पहिला डोस १५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत झाला तर दोन, दोघांत ६ महिन्यांचं अंतर. १५ नंतर सुरू केलं तर तीन, पहिला आज, दुसरा २ महिन्यांनी, तिसरा ६ महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शेवटी सांगितलंय की ९ ते २० वयात एक डोससुद्धा चांगलं संरक्षण देतो, सरकारी मोहिमा त्यामुळेच एका डोसच्या असू शकतात, त्यात काही फसवाफसवी नाही. प्रायव्हेटमध्ये मात्र डॉक्टर बहुतेक दोनच सांगतील. एक सोपी युक्ती, पहिला डोस दिवाळीच्या सुट्टीत द्या, दुसरा बरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, शाळा-ट्यूशन काही बुडत नाही. दुसरा डोस लांबला तर घाबरू नका, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथं थांबले तिथून पुढे. पण ५ महिन्यांच्या आत मात्र घाई करून देऊ नका.

आता नागपूरची खास गोष्ट. ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. थोडी स्वस्त मिळते म्हणून गंजीपेठेच्या दवाबाजारातून घेऊन स्कूटीच्या डिक्कीत टाकून धंतोलीतल्या डॉक्टरपर्यंत नेणाऱ्या बाया मी पाहिल्यात, दुपारी दोन वाजता! डिक्की आतून किती तापते ते हात घालून बघा एकदा. शक्यतो डॉक्टरच्याच फ्रीजमधली लस घ्या. बाहेरून घ्यावीच लागली तर दुकानदाराकडून थर्माकोलचा डबा आणि आइसपॅक मागा, लस बर्फाला चिकटून ठेवू नका कारण गोठली तरी ती वाया जाते, आणि सकाळीच घेऊन सरळ दवाखाना गाठा. रस्त्यात बर्डीला उतरून खरेदी वगैरे नको. टोचण्याआधी एक्सपायरी स्वतः वाचा आणि बाटलीवरचं स्टिकर किंवा बॅच नंबर पोरीच्या लसीच्या कार्डावर लावून घ्या, सिस्टरला सांगितलं की ती देते लावून. कार्डाचा फोटो काढून ठेवा.

इंजेक्शन दंडात. पोरीला जेवण करून न्या, उपाशी नको. टोचल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवतात कारण या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने चक्कर येते, ते लसीचं विष वगैरे नसतं. दंड दुखणं, थोडा ताप, डोकं दुखणं एक-दोन दिवस, बस. पोरगी आजारी असेल, जास्त ताप असेल तर आठवडाभर पुढे ढकला. प्रेग्नंट असेल तर डिलिव्हरीनंतर. लस द्यायच्या आधी कोणतीही टेस्ट लागत नाही, कुमारी मुलींना तर अजिबातच नाही, कोणी "आधी आतून तपासू" म्हणालं तर तिथून उठा.

लसीबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरतं

"पोरीला पुढे मूल होत नाही" हे सगळ्यात जास्त, आणि सासूबाई लोकांचं हेच मोठं टेन्शन. लसीत जिवंत व्हायरस नसतो, त्याच्या वरच्या कवचाच्या प्रोटीनची नक्कल असते फक्त, त्याने इन्फेक्शन होऊच शकत नाही आणि पिशवीवर, अंडाशयावर त्याचा काही परिणाम सापडलेला नाही. उलट उशिरा सापडलेल्या कॅन्सरच्या उपचारात पिशवी आणि मूल दोन्हींवर पाणी सोडावं लागतं.

दुसरं फॉरवर्ड येतं ते "सात मुली मेल्या" वालं. हे हवेतून आलेलं नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याला याच लसीचा एक प्रकल्प चालू होता, त्यातल्या सात मुली नंतर दगावल्या आणि सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही, कारणं साप चावणं, बुडणं, मलेरिया अशी वेगवेगळी होती. पण आईबापांची परवानगी नीट घेतलेली नव्हती, हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या चालवल्या होत्या, हेही निघालं. त्या आदिवासी मुलींच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच होतं, आणि म्हणूनच मी सांगते की शाळेतून फॉर्म आला तर वाचून सही करा, प्रश्न विचारा, पण त्या फॉरवर्डसाठी पोरीची लस अडवू नका. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या नोंदी तपासल्या, २०२४ मध्ये ते छापून आलं, त्यांच्यात या कॅन्सरची एकही केस सापडली नाही.

पोरांनाही देता येते, सर्व्हाव्हॅक मुलग्यांसाठी पण मंजूर आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी पोरगी.

टेस्ट: तीन प्रकार, एक निवडा

व्हीआयए म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून बघणं. कापसाने लावतात, मिनिटभर थांबतात, बिघडलेली जागा पांढरी दिसते. तिथल्या तिथे रिझल्ट, सरकारी कार्यक्रमात हीच असते, ३० ते ६५ च्या बायकांना दर ५ वर्षांनी. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने हीच टेस्ट आरोग्य सेविकांकडून करवून घेतली होती आणि मृत्यू जवळपास ३१ टक्क्यांनी कमी झाले. पाळी गेलेल्या बायकांना मात्र ती तेवढी उपयोगाची नाही कारण बघायची जागा आत सरकलेली असते.

पॅप म्हणजे ब्रशने पेशी घेऊन लॅबमध्ये बघणं, दर ३ वर्षांनी, २५ पासून करता येते.

एचपीव्ही डीएनए टेस्ट सगळ्यात भरवशाची, ३० नंतर, नॉर्मल आली तर पुढचे ५ वर्षं निवांत. महाग आहे, पॅपच्या कितीतरी पट. पण याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांमधल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला आणि २००९ मध्ये दिसलं की आयुष्यात एकदाच केलेल्या या टेस्टने मृत्यू निम्म्यावर आले. या टेस्टचं सॅम्पल बाई स्वतःही घेऊ शकते, लाज वाटणाऱ्यांनी लॅबला "सेल्फ सॅम्पलिंग आहे का" विचारावं.

कोणती घ्यायची यावर महिनोन्‌महिने विचार करत बसू नका. जी मिळते, परवडते ती करा.

कुठे जायचं म्हणाल तर जवळचं मनपाचं आरोग्य केंद्र किंवा गावाकडे सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिर, तिथं ३० च्या वरच्यांची बीपी, शुगर, तोंड, छाती आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी एकाच कार्यक्रमात असते. नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारी) किती घरात चालतो सगळ्यांना माहिती, म्हणून तोंडाची तपासणी त्याच फेरीत करून घ्याच, आणि सोबत नवऱ्यालाही न्या. मोठ्या ठिकाणी म्हणाल तर मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी मेडिकल कॉलेजं, डागा हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, यांच्या स्त्रीरोग ओपीडीत. कॅन्सरसाठीच म्हणून तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. सरकारीत सकाळी लवकर जा, आधार कार्ड न्या, आणि शक्य असेल तर दोघी-तिघी मिळून जा, रांगेत वेळ बरा जातो आणि ऐनवेळी कोणी पळून जात नाही.

त्या दिवशी

पाळीच्या दिवसांत जायचं नाही, पाळी सुरू झाल्यापासून १० ते २० दिवसांच्या मधले दिवस बरे. दोन दिवस आधीपासून संबंध नको, आतून काही क्रीम, गोळी, पाणी मारून धुणं नको. साडी किंवा लांब कुर्ता घाला, सगळे कपडे काढावे लागत नाहीत. लघवी करून मगच आत जा.

आत टेबलावर पाय दुमडून झोपवतात. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण हळूच आत घालून उघडतात, त्याने पिशवीचं तोंड दिसतं. थोडं दडपल्यासारखं वाटतं, अंग आवळून धरलं तर जास्त, म्हणून तोंडाने श्वास सोडत कंबर सैल ठेवा. ब्रश फिरवतात तेव्हा गुदगुल्या आणि कळ यांच्या मधलं काहीतरी होतं. मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. लेडी डॉक्टर पाहिजे, पडदा लावा, दुखतंय थांबा, हे तिन्ही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. डॉक्टर-सिस्टर खेकसल्या तरी टेस्ट न करता परत येऊ नका, दुसऱ्या ठिकाणी करा पण करा. नंतर एखादा दिवस हलका डाग पडू शकतो, पॅड सोबत ठेवा.

फॉर्मवर मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नवऱ्याचा किंवा दिराचा नको. आणि रिपोर्ट कधी, कोणत्या खिडकीवर, ते निघायच्या आधी विचारून घ्या. सॅम्पल देऊन रिपोर्ट न आणणाऱ्या बायका इतक्या आहेत की काय सांगू. रिपोर्ट हातात नाही तोवर टेस्ट झालीच नाही असं समजा.

रिपोर्ट वाचताना

पॅपच्या रिपोर्टवर एनआयएलएम लिहिलं असेल तर नॉर्मल. सोबत इन्फ्लेमेशन लिहिलेलं असतं बरेचदा, ती सूज किंवा साधं इन्फेक्शन, कॅन्सर नाही. अनसॅटिस्फॅक्टरी म्हणजे सॅम्पल नीट आलं नाही, काही महिन्यांत परत. एएससीयूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या पण नक्की सांगता येत नाही, मग एचपीव्ही टेस्ट करतात किंवा वर्षाने परत पॅप. एलएसआयएल हा हलका बिघाड, एचएसआयएल हा जास्तीचा, आणि एचएसआयएल असेल तर "लग्नसराई झाल्यावर बघू" चालणार नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं तर घरात भांडण पेटतं, हे मी जवळून पाहिलंय. नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे. अहो, हा व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप बसून असू शकतो, कोणाकडून कधी आला हे कोणतीच टेस्ट सांगत नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही आणि बाहेरख्यालीपणाचा पुरावा तर मुळीच नाही. शक्य असेल तर रिपोर्ट घ्यायला एकट्या न जाता बहिणीला किंवा मैत्रिणीला सोबत न्या.

पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रातून तीच जागा बघणं. यंत्र बाहेरच असतं, झोपायचं तसंच. गरज वाटली तर छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. त्यात सीआयएन २ किंवा ३ आलं तरी तो कॅन्सर नसतो, कॅन्सरच्या आधीची अवस्था असते, आणि गोठवून, उष्णता देऊन किंवा लीप नावाच्या छोट्या प्रोसिजरने तेवढीच जागा काढतात. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात.

आणि इथंच सावध राहा. अंगावरून पांढरं जातं, किंवा पॅपमध्ये सूज आली, एवढ्यावर "पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल" म्हणणारे लोक आपल्या राज्यात कमी नाहीत, बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलं. कोणी असं म्हणालं की तीन गोष्टी विचारा: रिपोर्ट कुठे आहे, कोल्पोस्कोपी केली का, बायोप्सीत काय आलं. उत्तर गोलमोल आलं तर फाइल उचला आणि मेडिकल किंवा एम्सला दुसरं मत घ्या. फाइल तुमची आहे, मागितली की द्यावी लागते.

टेस्टच्या नंबरची वाट बघायची नाही अशा गोष्टी

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर परत डाग, वास मारणारं पांढरं पाणी, कंबर-ओटीपोट सतत दुखणं. यातलं काही असेल तर मागची टेस्ट नॉर्मल होती हे सांगत बसू नका, सरळ स्त्रीरोग डॉक्टरकडे. बरेचदा दुसरंच काही साधं निघतं, पण ते तपासून कळू द्या.

आणि कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, कॅश भरायच्या आधी. भरलेले पैसे नंतर परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.